घोट्याएवढं पाणी

शेवट आधी ठरवायचा आणि मग त्यात काम कोंबायचं, या पद्धतीची मला शिसारी आहे. माझा धंदाच तो. इथं आखातात, सलमाबादच्या एका मेंटेनन्स कंपनीत मी प्लॅनर आहे. कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करायची असते तेव्हा कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कशाला किती तास, हे मी कागदावर मांडतो. मांडायच्या आधीच वरून निरोप येतो, "बाराव्या दिवशी चालू." मग वीस दिवसांचं काम बारा दिवसांत बसवून दाखवायचं. तेराव्या दिवशी सगळे माझ्या तोंडाकडं बघतात, कारण कागदावर नाव माझं असतं.

पळण्यात तरी हे नसेल असं मला वाटलं होतं.

आम्हा मराठी लोकांचा एक गट दर शुक्रवारी पहाटे झल्लाकच्या किनाऱ्यानं पळतो. गटाचा कॅप्टन पुण्याचा, पन्नाशीचा, एका मोठ्या ऑफिसात साहेब. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाले. तो "अच्छा" ऐकत मी शाळा, कॉलेज आणि तीन नोकऱ्या केल्या आहेत, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. तरी मी जात राहिलो. पळण्यात मी त्यांच्या पुढं होतो.

हिवाळ्यात सरांनी नाश्त्याला जाहीर केलं, स्कॉटलंडला जायचं. पार उत्तरेला, जिथं रस्ता नाही, वस्ती नाही, अशा भागातली तीन हजार फुटांवरची नऊ शिखरं एका दमात करायची. चौघांनी, चोवीस तासांत. चोवीस का, तर आकडा ऐकायला बरा वाटतो. तिघं ठरलेले होते.

"चौथा कोण, सर?" मी विचारलं.

"तू प्लॅनर ना? रूट बनव. जमला तर चौथा तू. नाही जमला तर तू गाडी घेऊन खाली थांब, आमचं खाणंपिणं सांभाळ. तुला काय, सवय असेल."

कसली सवय ते त्यांनी सांगितलं नाही. बाकीचे हसले. मी आम्लेट खात राहिलो आणि मनात ठरवलं की गाडीत बसायचं नाही.

पुढचे चार महिने मी नकाशे घेऊन बसलो. नऊ शिखरांची नावं मला आजही उच्चारता येत नाहीत, पण त्यांच्या रेषा डोळे मिटून काढून दाखवीन. दोन रेषा जवळ आल्या की चढ अंगावर येतो, लांब गेल्या की खाली बहुतेक दलदल. डोंगर चढणाऱ्यांचा साधा हिशेब आहे, सपाटीला एवढा वेळ, चढाच्या प्रत्येक शंभर मीटरला वेगळा वेळ. इथं तो हिशेब तपासायलाही जागा नाही. अख्ख्या देशात डोंगर म्हणावा असा एकच, तोही सव्वाशे मीटरच्या आसपास. मी पाठीवर तांदळाची पिशवी बांधून एका पार्किंग इमारतीचे रॅम्प चढायचो. सात मजले वर, सात मजले खाली. तिथला वॉचमन इथल्या मोडक्या अरबीत ओरडायचा, "मफी रनिंग! यल्ला, बाहर!" म्हणजे पळायचं नाही, चल नीघ. मी दुसऱ्या गेटनं परत आत.

हिशेब निघाला बत्तीस तासांचा. सरांना पाठवला. उत्तर आलं, "चोवीसमध्ये बसव."

आणि मी बसवायला घेतलं. हे लिहिताना तोंड कडू होतं. ज्या गोष्टीसाठी मी बारा वर्षं साहेबांना शिव्या देतोय तीच मी स्वतःच्या हातानं केली, कुणी पगार देत नसताना. विश्रांती काढली. उतार वेगात धरले. पाचव्या आणि सहाव्या शिखराच्या मध्ये मार्ग पुलाकडून लांब वळसा घालून जात होता, तो सरळ खोऱ्यातून ओढला. सव्वीस तास झाले. सर म्हणाले, "शाब्बास. दोन तास आपण पळून कमवू. तू चौथा." कागदाच्या डोक्यावर त्यांनी स्वतः टाकलं, मार्ग आखणी, आणि पुढं माझं नाव.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी तो कागद आईला पाठवला. तिला वाचता येत नाही, पण माझ्या नावाचा आकार ओळखते. डिग्रीच्या कागदावरही तिनं बोटानं तेच शोधलं होतं. आमच्या घरात छापील कागदावर आलेलं ते पहिलं नाव.

कागदाची दुसरी प्रत मी खोलीतल्या भिंतीवर चिकटवली. माझा रूममेट रत्नागिरीकडचा, आमच्याच कंपनीत स्टोअरकीपर. त्याला पळण्याशी काही देणंघेणं नाही. चहा पीत तो नकाशासमोर उभा राहिला.

"हे निळं काय?"

"पाणी. तिथं बाटल्या भरायच्या. बघ, दर दीड तासाला पाणी आहे. वजन न्यायला नको."

"भरायचं ठीक आहे रे." त्यानं पाचव्या आणि सहाव्या शिखरामधल्या निळ्या रेषेवर बोट ठेवलं. "पण हा पऱ्या ओलांडणार कुठून?"

"ओलांडायचं काय त्यात? पायांनी."

त्यानं कप खाली ठेवला. "मेल्या, तुझ्या गावची नदी आहे का ही? क्रिकेट खेळायला? वर चार डोंगरांचं पाणी ह्यात उतरतंय. वरती पाऊस झाला की तासाभरात माणूस उभा राहणार नाही. आमच्याकडं शेंबडं पोर पण सांगेल तुला."

त्याचं खरं होतं. मी मराठवाड्यातला. आमची नदी वर्षातले आठ महिने वाळूची असते आणि मी ती चपला न काढता ओलांडून शाळेला गेलो. वर इथं दहा वर्षं उन्हात बाटल्या मोजत पळालेलो. निळी रेष दिसली की मला आनंदच व्हायचा. चार महिन्यांत ती आडवी येऊ शकते हे एकदाही डोक्यात आलं नाही. तिथल्या लोकांनी लिहिलेलं मग वाचलं, तर तेही तेच सांगत होते, पाणी चढलं तर इथून जाऊ नका, पुलावरून जा.

पूल धरला आणि काढलेली विश्रांती परत घातली की परत बत्तीसच्या वर.

शुक्रवारी नाश्त्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, चूक माझी आहे. पाचव्यानंतर पुलाकडून जावं लागेल. चोवीस विसरा."

"पाऊस पडेलच कशावरून?"

"स्कॉटलंड आहे, सर."

"बघू तिथं गेल्यावर. इंशाल्ला काही होत नाही." त्यांनी पावाला लोणी लावलं. "मी लोकांना चोवीस सांगून बसलोय. तू इतका घाबरशील असं वाटलं नव्हतं."

बाकीच्या दोघांकडं मी बघितलं. दोघं इंजिनियर, दोघांना पोरंबाळं. दोघं फोनमध्ये डोकं घालून बसले. त्या क्षणी मला ते टेबल, ते लोणी, ती महागडी घड्याळं, सगळ्याची शिसारी आली.

"मग कागदावरून माझं नाव काढा."

"नाव काढलं तर जागापण जाते. समजतंय ना?"

समजत होतं. रजा मंजूर झालेली, व्हिसा लागलेला. तो कागद तिथल्या लॉजवर जाणार होता, चौघांच्या घरी जाणार होता. उद्या कुणी वाहून गेलं तर त्याची बायको त्या कागदावर वर लिहिलेलं नाव वाचणार होती.

"काढा," मी म्हणालो. "आणि गाडीवर पण मी येणार नाही."

"अच्छा," सर म्हणाले.

खोलीवर येऊन मी पुलाचा मार्ग नीट आखला, तेहेतीस तासांचा, आणि तिघांना वेगवेगळा पाठवला. उत्तर कुणाचंच आलं नाही. रजा मी रद्द केली.

ते जूनमध्ये गेले. चौथा म्हणून कुणीतरी मिळाला. गटावर फोटो आले. पाचव्या आणि सहाव्या शिखरामधल्या त्या पाण्यात सर उभे, दोन्ही हात वर, पाणी घोट्याएवढं. पाऊस पडलाच नव्हता. चोवीस काही झाले नाहीत, छत्तीस लागले, पण ते खाली बारीक अक्षरात होतं.

मी तो फोटो मोठा करून बघितला, पुन्हा पुन्हा. पाणी कुठं तरी गुडघ्याला लागतंय का ते शोधत होतो. गुडघ्याला, जमलं तर कमरेला. सगळ्यात जास्त किळस मला तेव्हा आली, आणि ती सरांची नव्हती.

रूममेटनं मागून डोकावलं. "सुखरूप आले ना?"

"आले."

"मग तोंड असं का?"

मी फोन उलटा ठेवला, तांदळाची पिशवी पाठीला बांधली आणि पार्किंगकडं निघालो.