काकूचं वावर आणि नदीची ओटी

पैनगंगेने काकूचं वावर खाल्लं, असं आमच्या गावात आजही म्हणतात. मी कधी कोणाचं म्हणणं खोडून काढलं नाही.

साठ सालानंतरचे दिवस. उमरखेडला पक्की घरं उठत होती, रेतीला मागणी होती. माझ्याकडे बंडी होती, बैल तरणे होते. पात्रात उतरायची वाट मोठा वळसा घालून जायची. काकूचं वावर मात्र थेट काठावर. काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. काका नुकतेच वारले होते, मूलबाळ नव्हतं. तिच्या बांधाखालची दरड निरगुडीने आणि करंजांनी धरून ठेवली होती. ती माहेरी गेली असताना मी ती झाडं तोडली आणि बंडी उतरेल एवढा उतार खोदला.

सोबतचा गडी म्हणाला, "काकूले इचारलं का बे?"

"नदीवर जाले कोनाले इचारा लागते?"

दोघंही हसलो.

काकू परतली. "हे कोनं केलं रे बापू?"

"लोकं रेती नेतात, काकू. कोनाकोनाले अडवसान?"

पहिली बंडी माझी होती हे सांगायचं राहिलं, असं नाही. मी सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात पूर नेमका त्या उतारातून आत शिरला आणि दरडीचा मोठा लचका घेऊन गेला.

आमच्याकडे पहिला पूर आला की घरच्या सवाशिणीने नदीची ओटी भरायची रीत. काकूच्या घरून त्या साली ओटी गेली नव्हती. ढासळलेल्या काठावर उभी राहून ती म्हणाली, "गंगामाय रुसली रे. माह्या कपायाले कुंकू नाही, म्हून वावर नेऊन राह्यली."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पुढच्या सालपासून माही बायको भरीन ओटी."

बायको दरवर्षी खण-नारळ घेऊन जाऊ लागली. काकू दूर, पाठ फिरवून उभी राहायची. बायको घरी येऊन विचारायची, "कायले एवढ्या भेतात हो त्या?" पाणी उतरलं की इतरांच्या बंड्यांबरोबर माझीही बंडी तिथूनच खाली जायची.

काठ आत येत गेला. दरसाल काट्यांचं कुंपण मागे सरकवावं लागे. ते मीच करायचो. काकू ताक घेऊन यायची. म्हणायची, "पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं."

एका पुरात तिची विहीर गेली. मग तिने मला बोलावलं. "उरलं ते तूच वाह्य, बापू. तुह्यावानी ह्या वावराले कोनं जपलं?"

मी नाही म्हणालो नाही.

वावर माझ्या नावावर झालं त्याच वर्षी मी उतार बुजवला, दगड रचले, निरगुडी लावली. पुढच्या पुरात काठ जागचा हलला नाही. गावात बोलणं झालं, माझ्या बायकोच्या ओटीचा गुण आला.

काकू मुद्दाम पाहायला आली. धड उभा काठ तिने कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाली, "पाह्य. माह्यातच खोट होती."

मी बैलांना पाणी पाजत होतो. पाजत राहिलो.