ताईचं नेट आणि तोंडी परीक्षा

माझी थोरली बहीण हट्टी आहे, आणि हे मी कौतुकाने सांगतेय. घरबसल्या ती एक काम करते. कॉलेजच्या वर्गात जे बोललं जातं ते नेटवरून ऐकून शब्द न् शब्द टाइप करते, आणि ऐकू न येणारी मुलं ते आपल्या स्क्रीनवर वाचतात. तिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. "चारचौघांसारखं विंडोज वापरायला काय होतं?" असं भावोजी सारखे म्हणतात. ताई ऐकून घेते आणि करायचं तेच करते.

त्या सकाळी तिच्या एका विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा होती. ताई नसली तर पोरीला प्रश्नच कळणार नव्हते. ऐन वेळी काही अडू नये म्हणून ताईने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. आणि नेट गायब.

माझं डोकंच फिरलं. मी नेटवाल्या कंपनीला फोन लावला. "लिनक्स आम्ही बघत नाही मॅडम, विंडोज टाकून घ्या," पलीकडचा म्हणाला. मी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली.

ताईने फोन हिसकावून घेतला. "तुझ्या मोबाइलवर वायफाय चालतंय ना? मग त्याला कशाला झापतेस? घोळ माझ्याच मशीनमध्ये आहे."

तिने एक कमांड दिली आणि कपाळावर हात मारला. नेटवर्क सांभाळणारी सर्व्हिसच बंद होती. लिनक्स नव्याने बसवताना तिने ती हाताने सुरू केली होती, पण दर वेळी आपोआप सुरू हो, हे सांगायचं राहून गेलं होतं. मशीन कधी बंदच केलं नाही, त्यामुळे इतके दिवस खपून गेलं.

"आता भावोजींना काय सांगायचं?"

"चूक माझी, लिनक्सची नाही."

आणखी दोन कमांड, आणि नेट आलं. ताईने हेडफोन न लावता आवाज मोठा केला. परीक्षा सुरू झाली होती आणि परीक्षक सहकाऱ्याला हळूच सांगत होते, "हिला काय कळणार? पास होण्यापुरते मार्क द्या आणि पुढचीला बोलवा."

ताईची बोटं चालू लागली. मी तिचा हात धरला. "अगं, हे नको लिहूस."

"ऐकणाऱ्यांना ऐकू गेलं ना? मग तिलाही कळू दे." हात झटकून तिने वाक्य जसंच्या तसं पाठवलं.

पोरीचा आवाज आला, जरा अडखळत, पण खणखणीत. "सर, तसले मार्क मला नकोत. प्रश्न विचारा."