श्रावणीचा डाव

लहान मुलाच्या रडण्याला रंग असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्या घराला ठाऊक आहे. माझ्या भावाची मुलगी श्रावणी तान्ही असताना रडू लागली, की आधी तिचे ओठ जांभळे व्हायचे, मग नखं, आणि मग ती काळसर छटा हळूहळू गालांवर पसरायची. तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं. अनसिंगजवळच्या आमच्या गावातून वाशीमचा दवाखाना गाठेपर्यंत रेखावहिनी तिला छातीशी धरून एकच म्हणत राहायची, "रडू नको वं माय, रडू नको."

ते वाक्य आमच्या घराचा कायदा झालं. पुढे श्रावणीचं ऑपरेशन झालं, छातीवर एक उभी फिकट रेघ उरली, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "आता हिला खेळू द्या. दमली की ती आपोआप थांबेल." पण कारण संपलं म्हणून कायदा संपतो का? सरकारचा संपत नाही, मग घराचा कसा संपेल! तिने मागावं आणि आम्ही द्यावं. सापशिडी खेळताना तिच्या सोंगटीपुढे साप आला, तर दादा खुशाल एक घर चुकीचं मोजायचा. त्या पोरीला आयुष्यात कधी साप चावला नाही!

गल्लीनेही हाच कायदा उचलला. संध्याकाळी देवळासमोर पकडापकडी रंगते, तेव्हा लहानग्यांना 'कच्चं लिंबू' म्हणून खेळात घेतात, हे तुम्हीही अनुभवलं असेल. कच्च्या लिंबाने हवं तेवढं पळावं, ओरडावं. त्याला कोणी आउट करत नाही, त्याच्यावर डाव येत नाही. बाकीची कच्ची लिंबं वर्षभरात मोठी होऊन खऱ्या खेळात शिरतात. श्रावणी चौथीत गेली, तरी तिला कोणी शिवत नव्हतं. वर्गात एखादीने रबर दिलं नाही, की ती नुसता हात छातीवर ठेवायची आणि रबर तत्काळ समोर यायचं. ही लबाडी नव्हती. ही आम्हीच तिला शिकवलेली भाषा होती.

या हिवाळ्यात ती एकाएकी म्हणू लागली, "मले शाळेत नाई जाचं."

"काहून वं?" मी विचारलं. "कोनी मारलं काय?"

"कोनी मारतच नाई ना, आत्या! त्या साऱ्या भांडतात, मंग गळ्यात हात घालून फिरतात. माह्यासंग कोनी भांडतच नाई."

केवढा एकाकीपणा होता त्या तक्रारीत! ज्याच्याशी कोणी भांडत नाही, त्याच्याशी समेट तरी कोण करणार? मी तडक मळ्यात गेले. दादा बाजारासाठी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होता. "ही माया नाही, दादा, ही तडीपारी आहे," मी तावातावाने म्हणाले.

"तुह्यं भाषन चौकात देजो," तो मान वर न करता म्हणाला. "पोरीले काई झालं त मंग?"

त्याची भीती खोटी नव्हती. ते जांभळे ओठ त्याने पाहिले होते, आणि मीही.

मग पुसदकडची तन्वी आमच्या गल्लीत मामाकडे राहायला आली. तिला आमचा कायदा कोणी सांगितला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी तिने श्रावणीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, "आउट!"

सगळा खेळ थिजला. "अवं, ते कच्चं लिंबू हाये!" पोरी ओरडल्या.

तन्वीने कमरेवर हात ठेवले. "एवढी मोठी घोडी, अन् कच्चं लिंबू? मंग खेळते कायले?"

ओट्यावर मेथी निवडणारी वहिनी ताडकन उठली. मीही उठले. श्रावणीचा हात छातीकडे निघाला, अर्ध्यावर अडखळला आणि खाली आला. "झाली मी आउट," ती म्हणाली. "डाव मीच देतो."

ती धावली. कोणी सापडेना. दमली, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, श्वास घेतला, पुन्हा धावली. तन्वीला शिवल्याचा तिचा दावा तन्वीने साफ फेटाळला. "खोटारडी!" "तूच रडकी!" आणि श्रावणीने भोकाड पसरलं.

वहिनी धावत पोहोचली, हनुवटी धरून तिने तो चेहरा मावळतीच्या उजेडाकडे वळवला. ओठ लाल होते. लालबुंद! नाक तेवढं वाहत होतं.

"माय, तू जाय ना घरी," श्रावणी हात झटकत हुंदक्यांतून म्हणाली. "आमचं भांडन चालू हाये!"

वहिनी परत आली, मेथीची काडी हातात घेऊन नुसतीच बसली आणि डोळे पुसत हसली. "रडू दे," ती मला म्हणाली. इतक्या वर्षांचा कायदा दोन शब्दांत रद्द झाला!

श्रावणी आता शाळेत जाते. तन्वीशी तिचं पटत नाही, आणि तिच्यावाचून करमतही नाही. तपासणीची तारीख जवळ आली की आम्ही अजूनही धास्तावतो. पण हृदयाचं छिद्र डॉक्टर बुजवतात. हरणं पचवण्याची, रुसण्याची आणि रुसवा काढण्याची ताकद मात्र दुसऱ्या लेकरांच्या घोळक्यातच येते. ती कोणत्या ऑपरेशनने बसवणार?

तुमच्याही गल्लीत असं एखादं लेकरू ओट्यावर बसून खेळ बघत असेल. आधी त्याच्या आईबापांना विचारा, डॉक्टरांनी किती मोकळीक दिली आहे. जेवढी असेल तेवढ्यातच खेळवा, बैठा खेळ असला तरी चालेल, पण खरा खेळवा. त्याच्यावर डाव येऊ द्या, त्याला हरू द्या. आणि तुमच्या पोरांना आज संध्याकाळीच सांगा: जा, त्याला हाक मारा, आणि वेळ आली तर त्याच्याशी मनसोक्त भांडा.