शेवटच्या कोपऱ्यातला घास

“ह्या जाकिटाला घास मीच भरवणार. कुणी मधी येऊ नका गं.”

अक्का शेजारच्या बाईला सांगत होती. मी टॅगचा गठ्ठा घेऊन दारात उभी. तिने सुईत दोरा ओवता ओवता एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

हुमनाबादजवळच्या आमच्या कारखान्यात जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि जाकिटं होतात, सगळी परदेशी जातात. त्यांचे इंग्रजी टॅग मी लिहायचे: जुनं कापड, नवा जन्म, निसर्गाला त्रास नाही. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात, तोच घास. तिचं पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून. गिऱ्हाइकांना ही गोष्ट फार आवडायची, म्हणून तीही टॅगवर होती.

अक्कासारखी बाई तुम्हीही पाहिली असेल. भांडत नाही, नुसतं “बघते की मी” म्हणते, आणि समोरच्याला जेवण जात नाही. एकदा मॅनेजरनी तिला बोथट कातरी दिली. “बघते की मी.” दुपारी ती कातरी मॅनेजरच्या डब्यात, पोळीत उभी खोचलेली.

माझी मात्र ती थट्टा करायची. “इंग्रजी लई बोलतीस म्हणं. आमाला कामून ऐकू येईना माय? तोंडाला टाका घातलास काय?”

मी हसायचे. टाका होताच.

पुढे जुन्या साड्या पुरेनात. मिलचं कोरं कापड यायला लागलं. मागच्या टाकीत औषध घालून ते विटवायचे, जुनं दिसेपर्यंत. निळं पाणी ओढ्यात जायचं, आणि ओढ्याकाठी अक्काची विहीर. तिची म्हैस त्या पाण्याला तोंड लावेना. अक्का मॅनेजरकडे गेली तेव्हा मी तिथेच टाईप करत होते.

“विहिरीला पाणी हाय न्हवं, अक्का? मग रंग कामून बघायलाव?” मॅनेजर खुर्चीत रेलून हसले.

“बघते की मी.”

त्यानंतर तिने घासासाठी भाकरी आणली नाही. पदराच्या गाठीत दुसरंच काही असायचं. एकदा माझ्यासमोरच तिने गाठ सोडली. विहिरीतला वाळलेला निळा गाळ. चिमूटभर कोपऱ्यात, वर लाल दोऱ्याचे टाके.

“ह्यांनी आमाला जे पाजलं, तेच भरवायलेय.”

मी कुणाला सांगितलं नाही. त्या जाकिटांना टॅग मात्र फार मन लावून बांधले.

परदेशी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मॅनेजरनी तिला काढलं. “पाहुण्यांसमोर बोलली म्हणजे?” जाताना अक्काने आपली सुई माझ्या टॅगच्या गठ्ठ्यात टोचली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एका पाहुणीने घासाची गोष्ट ऐकली आणि तो बघायला मागितला. ढिगात भाकरीवाली जुनी जाकिटंही होती. मी लाल दोऱ्याचं निवडलं. अक्काच्या रिकाम्या जागेवर बसले आणि एकेक टाका उसवला, सावकाश. मॅनेजर अजून हसत होते. ते हसू कधी उतरतं ते मला नीट बघायचं होतं.

निळा चुरा पाहुणीच्या तळहातावर पडला.

“माती लागली चुकून, म्हणून सांगा,” मॅनेजर पुटपुटले.

मी सांगितलं. आधी इंग्रजीत, मग खोलीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत:

“माती नाही, घासच आहे. आमच्या टाकीतून अक्काच्या विहिरीत गेलेला. आणि हे कापड कुणी कधी नेसलेलं नाही.”