टाचेखालची मोरवेल

फलटणकडून कालव्याच्या कडेनं आलं की आमचं गाव लागतं. इथं उसाची लागण कुणाचीही असो, बनुबाईंना बोलावणं जातंच. चिखलाच्या सरीत कांडी आडवी ठेवायची आणि टाचेनं अशी दाबायची, की ती पाण्यानं उठू नये आणि डोळाही मोडू नये. चाळीस वर्षं त्या हेच करत आल्यात. "माज्या टाचंखाली गेल्यालं बेणं वाया जात न्हाई," असं त्या स्वतःच सांगतात आणि कुणी हसलं तर पदर खोचून सरीत उतरतात.

त्या टाचेनंच त्यांना दगा दिला.

घराच्या तारेच्या कुंपणावर मोरवेल होती. लेकीनं, संयोगितानं, कॉलेजात असताना लावलेली. गणपती झाले की पांढऱ्या फुलांखाली तार दिसेनाशी व्हायची. दोन वर्षांपूर्वी संयोगितानं म्हसवडच्या बिरदेवशी लग्न केलं. जातीबाहेर, घरात न सांगता. आता दोघं सांगलीत राहतात, तो हळदीच्या एका गोदामात कामाला आहे. तिच्या वडिलांनी, ज्ञानूअण्णांनी, त्या दिवसापासून घरात तिचं नाव घेतलं नाही.

पण दर शुक्रवारी दुपारी, अण्णा उसाला पाणी द्यायला गेले की बनुबाईंचा फोन वाजायचा.

"मोरवेल कशी हाय?"

"लय फुललीया."

"पाणी घालतीस न्हवं?"

"घालती की."

एवढंच. 'तू कशी आहेस' हे दोघींपैकी कुणीच विचारायचं नाही. विचारलं असतं तर दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं असतं, आणि मग पुढच्या शुक्रवारी कुणी फोन केला असता?

सप्टेंबरात एक दिवस जेवता जेवता अण्णा म्हणाले, "दसऱ्याला कुंपण काढायचं. भिंतीचा पाया घेतोय."

"आवं, आन् वेल?"

"वेलाचं काय? शेळ्यास्नी घाल."

बनुबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. वेल गेली, तर शुक्रवारी बोलायचं कशावर?

दसऱ्याला तीन आठवडे होते. त्यांनी परसात सरी पाडली. मोरवेलीच्या चांगल्या जून वीस कांड्या तोडल्या, पानं सोलून काढली, चुन्याच्या निवळीत भिजवल्या, सरीत आडव्या टाकल्या, पाणी सोडलं आणि टाचेनं दाबल्या. आठव्या दिवशी, उसाला बघतात तसं, डोळा फुगला का ते बघायला माती उकरली. पंधराव्या दिवशी पुन्हा उकरली, तेव्हा वीसच्या वीस काळ्या पडून बोटाला चिकटत होत्या.

मग त्यांनी फलटणची नर्सरी गाठली. तिथल्या जयराजनं ऐकून घेतलं आणि तो हसतच सुटला.

"काकी, आवं त्यो काय ऊस हाय व्हय? ऊस आडवा झोपतोय, ही उभी ऱ्हाती. आन् पानं कशाला सोललीसा? तिनं जेवायचं कशानं?"

"हसू नगंस. काय करायचं ती सांग."

"कवळी फांदी घ्या. डोळ्याच्या बुडाशी न्हाई, दोन डोळ्यांच्या मधोमध कापा. वर पानांची एक जोडी ठेवा. वाळूत उभी करा, डोळा वाळूला टेकला पायजे. वर बाटली पालथी घाला. आन् काकी, पाय लावू नगा."

"आन् लागंल?"

"वेल भुईला वाकवून मातीत दाब दिला असता, तर हमखास लागली असती. पर त्येला सहा महिनं लागत्यात. भिंत कवाची हाय?"

"सोमवारी, दसऱ्यालाच."

जयराजचं हसू गेलं.

रविवारी बनुबाईंनी सहा फांद्या वाळूच्या कुंडीत उभ्या केल्या. सोमवारी गवंडी आले. वेल तारेसकट ओढून काढली, शेळ्यांनी तासाभरात तिचा फडशा पाडला. शुक्रवारी फोन आला.

"मोरवेल कशी हाय?"

"लय फुललीया," बनुबाई म्हणाल्या. समोर भिंतीच्या पायाचा खड्डा होता.

चार शुक्रवार त्या तसंच सांगत राहिल्या. इकडं कुंडीत एकेक फांदी काळी पडत होती. दोन राहिल्या, तेव्हा चाळीस वर्षांची सवय काही ऐकेना. एकीची वाळू त्यांनी बोटानं बाजूला सारली. तांदळाच्या कणीएवढं पांढरं मूळ फुटलं होतं. ते बघायच्या नादात बोट लागलं आणि मूळ मोडलं.

त्या दिवशी मंगळवार होता. बनुबाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून फोन लावला.

"आई? काय झालं? अण्णा बरं हायत न्हवं?"

"बरं हायत. मोरवेल न्हाई राह्यली गं. दसऱ्यालाच गेली. मी खोटं सांगत हुती."

बनुबाईंनी कुंडी जवळ ओढली.

"एक फांदी हाय. ती बी माज्या हातनं मरंल. तू कशी हायेस, संयू?"

रडण्याचा आवाज आला, दाबून धरलेला. मग, "मी येऊ?"

अण्णा सोप्यातच बसले होते. फोनवरचं सगळं ऐकू जात असणार. बनुबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ते उठले आणि गोठ्याकडं निघून गेले.

"नगं," बनुबाई म्हणाल्या. "मीच येती."

सकाळी पिशवीत कुंडी बसवताना अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"कुठं?"

"सांगलीला. संयूकडं."

ते नाव दोन वर्षांत पहिल्यांदा अण्णांच्या तोंडावर घेतलं गेलं. अण्णांनी चौकट धरली.

"माघारी कवा येणार?"

"हिनं मूळ धरलं की."

"आन् न्हाई धरलं तर?"

बनुबाईंनी हिंदकळू नये म्हणून कुंडीभोवती जुनं धडपं गुंडाळलं, दोन्ही हातांनी पिशवी उचलली, आणि अण्णा बाजूला होईपर्यंत तशाच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.