आशीर्वाद चालतो, अर्ज चालत नाही

“आधी ठरव, बाई का बाप्या. मग फॉर्म भर.”

परीक्षा विभागाच्या खिडकीतल्या बाईंनी माझा नावबदलाचा अर्ज तसाच परत सरकवला. मागं रांग होती. रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. आमची टाळी, आम्हालाच चिडवायला.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सरकारी ओळखपत्रावर माझं नवं नाव, पुढं तृतीयपंथी. विद्यापीठाच्या कागदांवर मात्र जुनंच नाव, पुरुष. ते बदललं नाही तर परीक्षेच्या दारात अडवणार.

मी वळले. तेवढ्यात बाई बाजूच्या दारातून बाहेर आल्या. मोबाईलवर तान्ह्या बाळाचा फोटो. आवाज एकदम मऊ.

“नातू झालाय. आज मंगळवार, देवीचा वार हाय, आशीर्वाद द्या की. तुमचा लागतो म्हणतात.”

माझा हात उचलला गेला. सवयीनं. त्या हाताची लाज मला अजून वाटते.

हात तसाच वर असताना रेणुकाक्का आठवली. अक्कलकोटकडची. या विद्यापीठात उघडपणे शिकायला आलेली आमच्यातली पहिली. मुलींच्या वसतिगृहात खोली द्या, असा तिनं अर्ज केला होता. ती मला म्हणाली होती, “शिपायापासनं सायबापत्तुर समद्यांनी आशीर्वाद घेतला गं. वाटलं, माया आली तर अर्ज सरकंल पुढं. पोच तेवढी मागितली न्हाय मी.”

पोच नाही, म्हणजे अर्ज नाही. खोली मिळाली नाही. पहिल्याच वर्षी शिक्षण सुटलं. पुढं तापानं सरकारी दवाखान्यात वारली. पुरुषांच्या वॉर्डात, जुन्या नावानं.

विद्यापीठाच्या इमारतीत ती मला अजून दिसते. प्रत्येक खिडकीपुढं, हात उचलून उभी.

मी हात खाली घेतला.

“आधी अर्ज घ्या. आवक क्रमांक टाका, शिक्का मारा.”

“एवढ्याशा कागदासाठी लेकराला न्हाय म्हणतीस? शाप द्यायचा इचार हाय का?”

“लेकराशी माझं भांडण नाही.”

मी परत खिडकीशी गेले आणि तिथंच उभी राहिले. रांग खोळंबली. मघाशी हसणारेच वैतागून ओरडू लागले, “मॅडम, मारा की शिक्का.” बाईंनी आत जाऊन मारला. माझ्याकडं न बघता.

नाव अजून बदललेलं नाही. परीक्षेच्या दिवशी मी दारात जाणार. अडवलं, तर कोणी अडवलं ते लिहून त्याचीही पोच घेणार. रेणुकाक्का या विद्यापीठातून गेली, याची नोंद कुठंच नाही. मला घालवायचं असेल, तर त्यांना ते लिहून, खाली सही करून घालवावं लागेल.