भाऊजींच्या ताटातले काटे

भाऊजी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मीच त्यांना वाढलं होतं. खाडीतल्या बोयटांचं, त्या मासळीचं कालवण आणि भाकरी. ताट उचललं तेव्हा कडेला काटे अगदी साफ होते. सकाळी ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. महिना होत आला, माझं मन मात्र त्या ताटापाशीच अडकलंय...

ते माझे धाकटे दीर. काही वर्षांपूर्वी खाडीत होडी उलटली आणि त्यांचा सोबती बाळू त्यांच्या हातातून सुटून बुडाला. त्याचं प्रेत सापडेपर्यंत आमच्या आळीत कुणी खाडीची मासळी खाल्ली नाही. सापडल्यावर सगळे पुन्हा खायला लागले, भाऊजी नाही. झोपेत ओरडायचे. होडीकडे पाठ करून बसायचे.

खांदा कॉलनीत एका दवाखान्यात बोलून बरं करणाऱ्या बाई होत्या. त्याच होडीत असलेला हरेश त्यांच्याकडे आधीपासून जायचा. त्याला कित्येक महिन्यांचा इलाज, आमच्या भाऊजींना मोजक्याच बैठका. मी परक्यांपुढे तोंड उघडत नाही, पण तेव्हा राहवलं नाही. विचारलं, "बाई, त्याला मोठा नि यांना छोटा का?"

"छोट्यानंही बऱ्याच जणांना तेवढाच गुण येतो, ताई. आणि मधेच सोडणारे कमी असतात."

तेवढाच गुण येतो, तर मोठा ठेवलाय कशाला? घाईत फाटकं जाळं ओढून गाठ मारतात, तसलं काही तर नसेल?

हरेशने खरंच मधेच सोडलं. मला म्हणाला, "सांगून सांगून सारखा तोच बाळू बुडवायचा, वयनी! मी होडीवर जाऊ कवा?" भाऊजींनी पुरं केलं. ओरडणं थांबलं. ते होडीवर जायला लागले. एक दिवस ताट पुढे सरकवून म्हणाले, "वयनी, कालवण वाढ."

"खाडीचं हाय."

"म्हायत हाय. नाक हाय ना मला!"

घरात सगळे हसले. मला खरं वाटेना. आमच्या समाधानासाठी तर खात नाहीत ना? जेवताना त्यांच्या मांडीला मांजर चिकटलेली असायची. मी भांडी घासता घासता तिरक्या नजरेनं बघायची. एकदा त्यांनी पकडलं. "पोलिसीन हायस काय गो?" मी लाजून आत गेले. मग रोज फक्त काटे बघायची. ते साफ असायचे. बाईंचं खरं असेल, असं मी मनाला सांगायची.

परवा आम्ही जेवायला बसलो, तर मांजर भाऊजींच्या जागेपाशी येऊन थांबली. मी बोयटाचा तुकडा टाकला. तिनं सावकाश खाल्लं आणि काटे तिथंच ठेवले. साफ... त्यांच्या ताटात असायचे तसेच.

मी ते अजून उचललेले नाहीत.